शेगडीचे माप

सरकारी नोकराच्या आयुष्यात बदलीचा हुकूम हा ऋतुचक्रासारखाच अपरिहार्य असतो. फरक एवढाच की, ऋतू येण्यापूर्वी थोडी तरी चाहूल देतात. हुकूम हातात पडल्यावर नव्या गावाविषयी माणूस जो पहिला प्रश्न विचारतो, त्यावरून त्याची वृत्ती ओळखावी. कोणी विचारतो, बंगला कसा आहे. कोणी विचारतो, मुलांची शाळा कशी आहे. कोणी जरा आवाज उतरवून विचारतो, साहेब कसे आहेत. महाराष्ट्राबाहेर बावीस वर्षे काढल्यावर आम्ही या तिन्ही प्रश्नांच्या पलीकडे गेलो होतो. गावात मराठी बिऱ्हाडे किती आणि ज्वारीचे पीठ मिळते की नाही, एवढे कळले की आमचे समाधान होई. परंतु २०२१ च्या ऑगस्टात आमची बदली लेहला झाली, तेव्हा आम्हांला काही विचारण्याची संधीच कोणी दिली नाही. ज्याने त्याने आपण होऊन एकच सल्ला दिला, "शेगडी मोठी घ्या."

आमचा जन्म वर्ध्याचा. ज्या गावी मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथील माणसाला शेगडीविषयी काय कळणार? थंडी म्हणजे पहाटे पांघरलेली वाकळ आणि अंगणातील शेकोटी, एवढाच आमचा त्या ऋतूशी परिचय. शेकोटीपुढे बसले की छाती भाजते आणि पाठ गारठते, हे आम्ही लहानपणीच अनुभवले होते. परंतु लहानपणीच्या अनुभवांतून शहाणपण काढून घेण्याचे काम माणूस बहुधा निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवतो. उन्हाळ्याचे आमचे सूत्र ठरलेले होते: कूलर जितका मोठा तितके सुख मोठे. तेच सूत्र उलटे करून आम्ही लेहला निघालो.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजवू पाहणाऱ्या गृहिणीची जी त्रेधा उडते, तिचे वर्णन आमच्या सौभाग्यवतींनीच करावे. पाऊस नाममात्र, ऊन मात्र हिवाळ्यातही लख्ख. आणि जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली पंधरा, सतरा, कधी वीस अंशांपर्यंत उतरतो. आम्हांला मिळालेले निवासस्थान सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांच्या भिंतींचे, वर पत्रा आणि पत्र्याखाली प्लायवुडचे पातळ छत असे होते. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. हीच इमारत वर्ध्यात बांधली असती तरी तिच्यात एका रेषेचाही फरक करावा लागला नसता, हे तिचे वैशिष्ट्य पुढे आमच्या ध्यानात आले.

बाजारात बुखाऱ्या मांडून ठेवल्या होत्या. बुखारी म्हणजे लोखंडी पत्र्याची उभी शेगडी. तिच्यात रॉकेल थेंबाथेंबाने उतरते किंवा लाकूड जळते, आणि धूर नळाच्या धुराड्यातून छताबाहेर जातो. दुकानदाराने विचारले, "केवढी देऊ?" आम्ही म्हणालो, "सर्वांत मोठी." त्याने घराविषयी काही विचारले नाही, आणि आम्हीही काही सांगितले नाही. खरे सांगायचे तर त्या निवडीत थंडीच्या भयाइतकाच पदाचाही भाग होता. आमच्या हाताखालच्या गृहस्थांनी मधली बुखारी घेतली होती. मग आम्ही ती कशी घ्यावी? आमचा सारा जन्म दुसऱ्यांच्या हिशेबांवर शेरे मारण्यात गेला. लेखापरीक्षण हाच आमचा धंदा. 'खरेदीपूर्वी गरजेचा अंदाज केल्याचे आढळत नाही' हे वाक्य आम्ही किती फायलींवर लिहिले असेल, त्याची गणती नाही. त्या दिवशी आमच्याजवळ बसून हे वाक्य लिहिणारा कोणी नव्हता.

डिसेंबरात आई आली. तिचे वय चौऱ्याहत्तर. वैद्यांनी परवानगी दिली होती, आणि आल्यावर दोनतीन दिवस ती शांतपणे पडून राहिली, तेव्हा उंची तिला मानवली. थंडी मात्र मानवेना. आम्ही मोठी बुखारी आतल्या खोलीत लावली होती. ती पूर्ण पेटवली की अर्ध्या तासात त्या खोलीत स्वेटर काढावासा वाटे. तिच्यापासून चार हात दूर गेले की पाय गार, आणि बाहेरच्या खोलीत तर श्वासाची वाफ दिसे. भिंतीच्या कोपऱ्यात आतल्या बाजूने हिमकण चमकत. रात्री बुखारी विझवली तर पहाटे बादलीतील पाण्यावर बर्फाची साय धरलेली असे. म्हणून आम्ही एक युक्ती काढली. आतल्या खोलीच्या साऱ्या फटी वर्तमानपत्रे आणि चिकटपट्टी यांनी बुजवल्या, भिंतीत वरच्या अंगाला एक झरोका होता त्यात जुने पोते कोंबले, आणि रात्री बुखारीची ज्योत अगदी बारीक करून ठेवू लागलो. मोठी शेगडी, लहान खोली, मंद आग. आमच्या मते ही काटकसर होती.

जानेवारी २०२२ मधील ती रात्र. आई आणि सौभाग्यवती आतल्या खोलीत, आम्ही बाहेरच्या खोलीत दोन रजयांखाली. अडीचच्या सुमारास काहीतरी पडल्याचा आवाज झाला. जाऊन पाहतो तो सौभाग्यवती उंबरठ्यावर कोसळलेल्या. त्या पाणी प्यायला उठल्या होत्या. आईला हाक मारली, तर ती काहीबाही बोलू लागली. मग तिला ओकारी झाली. आम्ही कोण हेही तिला उमजेना. आम्हांला वाटले, थंडीच बाधली. आणि त्या क्षणी आम्ही जे केले ते आजही आठवले की अंगावर काटा येतो. आम्ही बुखारीपाशी गेलो आणि ज्योत मोठी केली.

मग शेजारच्या दारावर धावलो. तेथे एक वृद्ध लडाखी गृहस्थ राहत. लडाखीत आजोबांना 'मेमे' म्हणतात आणि आदराने पुढे 'ले' जोडतात. सारी गल्ली त्यांना मेमे-ले म्हणे, तसे आम्हीही म्हणू लागलो होतो. ते आत आले आणि एक शब्दही न विचारता त्यांनी प्रथम खिडकी उघडली. मग आईला रजईसकट उचलून आम्ही दोघांनी पडवीत आणले. बाहेर शून्याखाली सतरा अंश, आम्ही "थंडी, थंडी" म्हणत होतो, आणि ते हिंदीत एवढेच म्हणत होते, "हवा, साहेब, हवा." पहाटेपर्यंत दोघींना रुग्णालयात प्राणवायूवर ठेवले होते. उजाडल्यावर आईने आम्हांला नावाने हाक मारली. डॉक्टरांनी विचारले, "खोलीला झरोका आहे ना?" झरोका होता; तो आम्ही आमच्या हाताने बुजवला होता.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून माणूस झोपेतच गुदमरतो आणि त्याला कळतही नाही. हा वायू निर्माण होतो तो आग भडकल्याने नव्हे; ती घुसमटल्याने. मोठी बुखारी बारीक करून ठेवली की तिचे पोट पुरेसे तापत नाही, इंधन अर्धवट जळते, काजळी धरते. धुराडे गार राहते, म्हणून त्याची ओढ कमी होते. आणि जे वर जायचे ते खोलीत परतते. त्यातून लेहची हवा मुळातच विरळ. आपल्या गरजेपेक्षा फार मोठी शेगडी घेणारा माणूस ती पूर्ण पेटवू शकत नाही, त्याला ती मंदच ठेवावी लागते. आणि मंद ठेवलेली मोठी आगच विष ओकते. ही गोष्ट आम्हांला पन्नाशी उलटल्यावर आणि या किमतीला कळली.

फेब्रुवारीत आईला वर्ध्याला पोचवले. आमचे थोरले बंधू मितभाषी आहेत. ते एवढेच म्हणाले, "बापू, जन्मभर लोकांकडून हिशेब मागितलास. आईला कोणत्या खोलीत झोपवतोस याचा हिशेब केला नाहीस?" पुढे पाच महिने त्यांचा फोन आला नाही.

लेहला परतल्यावर एका संध्याकाळी आभार मानायला आम्ही मेमे-लेंकडे गेलो. त्यांचे घर जुन्या वळणाचे. कच्च्या विटांच्या हातभर रुंद भिंती. पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या, गवत आणि मातीचे छत. दारे ठेंगणी, खिडक्या दक्षिणेकडे. पूर्वी तळमजल्यावर गुरे बांधत, तेव्हा त्यांची ऊबही वर येई. हिवाळ्यात सारे कुटुंब आतल्या लहानशा स्वयंपाकघरात गोळा होई. बाहेर काळोख आणि बर्फ. आत एक इवलीशी शेगडी, तिच्यावर चहाचे भांडे, आणि म्हातारेबुवा नुसत्या सदऱ्यावर बसलेले. आमची नजर त्या शेगडीवरून हलेना. आमच्या बुखारीच्या पाऊण भागाएवढीही ती नव्हती.

मेमे-लेंची नात तेथेच होती. तिने पुण्यात राहून अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. त्यामुळे ती आम्हांला 'काका' म्हणे आणि रिक्षावाल्यांकडून शिकलेले मराठी मोठ्या झोकात बोले. तिने विचारले, "काका, तुम्ही शेगडी निवडली कशी?" आम्ही म्हणालो, "दुकानात सर्वांत मोठी होती ती घेतली." ती म्हणाली, "म्हणजे घर मोजलेच नाही." मग हसून म्हणाली, "मला लेहमध्ये कधी थंडी वाजली नाही. पुण्यात मात्र डिसेंबरात फार वाजली. बाहेर दहा अंश तर आतही दहा अंश!"

दुसऱ्या रविवारी ती फीत घेऊन आली. आम्हांला वाटले होते, ती नव्या शेगडीचे नाव सांगेल. तिने शेगडीचा विषयच काढला नाही. ती म्हणाली, "शेगडी म्हणजे रांजणात पाणी ओतणारा तांब्या. रांजण फुटका असेल तर तुम्ही घागरीने ओतले तरी भरणार नाही. धड असेल तर तांब्या पुरतो. आधी भोके मोजू." आणि तिने आमच्याच कागदावर आमच्याच घराचा ताळेबंद मांडला. तो येथे देतो, कारण थंड मुलखी गेलेल्या कोणालाही तो स्वतःच्या घरासाठी मांडता येईल.

घर ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, अडीच मीटर उंच. बाहेरच्या भिंती, दार धरून, ४९ चौरस मीटर, तावदाने ६, छत ३०, जमीन ३०. आत १८ अंश हवेत, बाहेर शून्याखाली १७. म्हणजे फरक ३५ अंशांचा. आता प्रत्येक वस्तूचा एक आकडा असतो: आतबाहेर एका अंशाचा फरक असता तिच्या एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता निसटते, तो. क्षेत्रफळ, हा आकडा आणि अंशांचा फरक यांचा गुणाकार केला की गळती कळते. आमच्या ठोकळ्यांच्या भिंतीचा आकडा सुमारे २.३, पत्रा आणि प्लायवुड मिळून २.५, एकेरी काचेचा ५.७, आणि जमिनीचा ०.७. गुणाकार करता भिंतींतून ३,९०० वॉट, छतातून २,६००, काचांतून १,२००, जमिनीतून ७०० आणि फटींतून ये-जा करणाऱ्या हवेबरोबर ९००. एकूण सुमारे ९,३०० वॉट. हवेचा आकडा याहूनही मोठा निघाला असता. परंतु या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम दोनतृतीयांश दाट असते, म्हणून ती बाहेर जाताना उष्णताही तेवढीच कमी नेते. जी हवा आमचा श्वास पुरवीत नाही, तिने निदान एवढी तरी सवलत द्यावी, हे न्यायाचेच झाले.

९,३०० वॉट दिवसभर पुरवायचे म्हणजे सव्वादोनशे किलोवॉट-तास. एक लिटर रॉकेलात सुमारे १० किलोवॉट-तास उष्णता असते. म्हणजे धुराड्यातून कणभरही वाया गेली नाही असे धरले, तरी रोज २२-२३ लिटर रॉकेल. हा आकडा पाहून आमच्यातील लेखापरीक्षक दचकून जागा झाला.

मग तिने दुसरा रकाना लिहिला. भिंतींना बाहेरून १० सेंटीमीटर थर्मोकोल आणि त्यावर जाळी मारून गिलावा केला, तर त्यांचा आकडा २.३ वरून ०.३ होतो. छतावर १५ सेंटीमीटर काचलोकर पसरली, तर २.५ चा ०.२५. तावदाने दुहेरी केली, तर ५.७ चा २.८. जमिनीवर फळ्यांखाली थर्मोकोल घातला, तर ०.७ चा ०.५. फटी बुजवल्या, पण श्वासापुरती हवा हिशेबाने आत घेतली. आता भिंती ५००, छत २५०, काचा ६००, जमीन ५००, हवा ३००. बेरीज २,१५० वॉट. घर तेच, हिवाळा तोच, ऊब तीच. आणि गरज चौथ्या हिश्शाहूनही कमी.

आम्ही बराच वेळ त्या दोन रकान्यांकडे पाहत बसलो. आम्ही बुजवलेल्या फटी आणि कोंबलेले पोते यांनी त्या पहिल्या रकान्यातील फार तर शेवटचे नऊशे वॉट कमी केले असते. भिंती आणि छत यांतून निसटणाऱ्या साडेसहा हजारांना आम्ही बोटही लावले नव्हते. जेथून ऊब जात होती तेथे आमचे लक्ष नव्हते. जेथून प्राण येत होता तेवढेच एक भोक आम्ही बंद केले होते.

पुढील कथा फायलींची आहे, आणि वाचकांना ती तोंडपाठ असेल. आणखी मोठी बुखारी मागितली असती तर ती 'हिवाळी साहित्य' या सदरात आठ दिवसांत मिळाली असती. भिंतीला अस्तर लावणे हे मात्र दुरुस्तीत बसते, नव्या बांधकामात बसते, की साहित्यात, यावर चार महिने टिपणे फिरली. आम्हांला तक्रार करण्याचा अधिकार नव्हता. कारण असल्याच टिपणांवर आम्ही स्वतः पूर्वी सह्या केल्या आहेत. शेवटी छत आणि भिंती मंजूर झाल्या. तावदाने आणि जमीन आम्ही पदरच्या पैशाने केली. लेहमध्ये गिलाव्याची कामे उन्हाळ्यातच होतात. २०२२ च्या ऑगस्टअखेर घराने अंगरखा घातला.

तेव्हा कोठे शेगडीचा प्रश्न निघाला. २०१९ च्या फेब्रुवारीत श्रीनगर-लेह वीजवाहिनीचे लोकार्पण झाले आणि लेह देशाच्या वीजजालाशी जोडले गेले. म्हणून विजेच्या शेगडीचा विचार करता येत होता. तिला ज्योत नाही, म्हणून तिचा धूरही नाही. गरज २,१५० वॉटची. मग नेमकी तेवढीच घ्यावी काय? नात म्हणाली, थोडी सवड ठेवावी. कारण विजेचा दाब २३० व्होल्टवरून २०० वर उतरला की शेगडीची उष्णता पाऊणपटच होते. मग दुप्पट घ्यावी काय, असे आम्ही विचारले, जुनी खोड! ती म्हणाली, "काका, तुम्ही दुप्पट घ्याल, शेजारी दुप्पट घेईल, आणि रोहित्र जळेल." मोठ्या शेगडीचा दोष येथे आपल्या घरात न उमटता साऱ्या गल्लीत उमटतो, एवढाच फरक. शेवटी तेलभरल्या दोन शेगड्या घेतल्या, एक १,५०० वॉटची आणि एक १,००० वॉटची. कडाक्याच्या रात्री दोन्ही, एरवी एक. आणि दुपारी एकही नाही, कारण दक्षिणेच्या चार चौरस मीटर काचेतून लेहचे हिवाळी ऊनच दोन किलोवॉटच्या आसपास ऊब आत ओतते. सूर्य मावळला की जाड पडदा ओढायचा, ही एक नवी संध्या आम्ही नेमाने करू लागलो. वीज गेलीच तर म्हणून एक लहान बुखारी ठेवली. तिच्यासाठी बाहेरून हवा आणणारी नळी वेगळी बसवली. झरोका मोकळा केला. आणि त्या वायूची चाहूल लागताच ओरडणारे एक इवलेसे यंत्र आतल्या भिंतीवर टांगले.

नोव्हेंबरात आईचा फोन आला. "मी येते," ती म्हणाली. बंधूंचा विरोध होता. आमच्या सौभाग्यवतींचाही होता. खरे म्हणजे आमचाही होता. पण ती म्हणाली, "तू घर दुरुस्त केलेस म्हणतोस ना? मग मला पाहू दे." तिच्या येण्यामागे आपल्या मुलाची भीती घालवावी हाही हेतू असावा, असे आम्हांला पुढे वाटू लागले.

घरात पाऊल टाकल्यावर तिने शाल उतरवली, चौफेर पाहिले आणि विचारले, "शेगडी कुठे आहे रे?" शेगडी कोपऱ्यात भिंतीशी उभी होती, दुपारची वेळ, ती बंदच होती. आई खिडकीपाशी उन्हात बसली आणि तिने गहू निवडायला घेतले.

जानेवारी २०२३ मध्ये एका रात्री नऊ वाजता वीज गेली. बाहेर पारा पुन्हा शून्याखाली सतरा. सौभाग्यवती म्हणाल्या, "बुखारी पेटवू या." आम्ही कागद पुढे ओढून हिशेब केला आणि म्हणालो, "नको. घर तग धरील." त्या दोघी आतल्या खोलीत, त्याच खोलीत, झोपी गेल्या. हिशेबावर आमचा विश्वास होता. तरीही आम्ही झोपलो नाही. उंबरठ्याशी खुर्ची टाकून, मांडीवर वही आणि हातात विजेरी घेऊन आम्ही तासातासाला तापमापकाचा आकडा लिहीत बसलो. दहा वाजता साडेसतरा. बाराला साडेसोळा. अडीच वाजता, त्याच घटकेला, पंधरा. भिंतींना बाहेरून अस्तर असल्यामुळे सिमेंटचे सारे ठोकळे आतल्या उबेत होते. दिवसभर साठवलेले ते आता सावकाश परत करीत होते. माणूस झोपला तरी सत्तरऐंशी वॉट ऊब देतो, असे नातीने सांगितले होते. म्हणजे आम्ही तिघे मिळून त्या घरातली चौथी शेगडीच होतो. आईच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. तो आम्ही वहीत लिहिला नाही. परंतु त्या रात्री आम्ही मोजीत होतो ते तेच.

सकाळी सातला वीज आली तेव्हा पारा तेरावर होता. आई उठली, तिने मफलर जरा घट्ट केला आणि आम्हांला खुर्चीत पाहून म्हणाली, "काय रे बापू, रात्रभर बसलास की काय?" वीज गेली होती हे तिला आम्ही सांगेपर्यंत कळले नव्हते. आम्ही ती वही तशीच बंधूंकडे पाठवली. त्यांचे उत्तर उन्हाळ्यात आले. त्यांनी वर्ध्याच्या घराच्या पत्र्याखाली अस्तर लावून घेतले होते, आणि दीड टनाचे वातानुकूलन यंत्र घ्यायचे ठरवले होते त्याऐवजी एक टनाचे घेतले होते. दोन रकान्यांचा हिशेबही सोबत जोडला होता. जे अस्तर थंडी बाहेर ठेवते तेच ऊनही बाहेर ठेवते, हे आम्हांला सुचले नव्हते, त्यांना सुचले. त्यांच्या पत्रात दुसरा काही मजकूर नव्हता, आणि तो नको होता.

२०२४ मध्ये पुन्हा बदली झाली. कार्यभार सोपवताना जडसंग्रहाची नोंदवही पाहिली: 'बुखारी, मोठी, नग एक'. ती अजून गोदामात आहे आणि दरसाल मोजली जाते. भिंतींच्या आतील थर्मोकोलची आणि छतावरील काचलोकरीची नोंद मात्र त्या वहीत कोठेच नाही. आमच्या जागी येणारे गृहस्थ कोल्हापूरचे. त्यांचा फोन आला. आवाजात तीच धास्ती होती, जी कधीकाळी आमच्या आवाजात होती. त्यांनी विचारले, "साहेब, शेगडी केवढी आणू?"

आम्ही म्हणालो, "काही आणू नका. सोबत कोण कोण येणार आहे, तेवढे सांगा."

ते म्हणाले, "आई यायचे म्हणते आहे, पण भीती वाटते."

"त्यांना अवश्य आणा," आम्ही म्हणालो, "आणि आल्यावर पहिल्याच दिवशी शेजारच्या मेमे-लेंना भेटा. आतल्या खोलीत वरच्या अंगाला एक झरोका आहे. थंडी कितीही पडली तरी तो बुजवू नका."